लोकरी मावा आणि त्याचे वैरी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली उतरते, कराडला कोयनेची गळाभेट घेते आणि सांगलीजवळ वारणेला सोबत घेऊन पुढे जाते. तिच्या दोन्ही काठांची काळी, कसदार जमीन उसासाठी प्रसिद्ध आहे. ऊस हे धीराचे पीक होय. ज्वारी चार-पाच महिन्यांत खळ्यात येते. पण ऊस लागणीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस तर दुसऱ्या वर्षाची दिवाळी पाहिल्यावाचून तुटत नाही. तोपर्यंत बेणे, खत, पाणी आणि मजुरी यांसाठी शेतकरी आपल्या जवळचा पैसा घालतो आणि पुष्कळदा कर्जही काढतो. मुलांच्या शाळेचा खर्च, घराची डागडुजी, बहिणीचे लग्न, सारे काही त्या फडावर अवलंबून असते. अशा पिकावर एखादी नवी कीड आली, तर त्या घराची झोप कशी उडत असेल, याची कल्पना करा.

२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसावर अशीच एक कीड दिसून आली. पानाची वरची बाजू हिरवीगार दिसे. पण पान उलटून पाहावे तो मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर! बोट लावले की तो कापूस हाताला लागे आणि त्याखाली शेकडो बारीक किडे वळवळत. खालच्या पानांवर कसलासा चिकट थर जमलेला असे आणि काही दिवसांनी त्यावर काजळी धरे. हिरवा फड काळवंडून जाई. बांधावरून जाणाऱ्याचे कपडेही पांढऱ्या लोकरीने माखत. त्या लोकरीवरूनच या किडीला 'लोकरी मावा' हे नाव पडले.

थोड्याच काळात ही कीड सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही पोहोचली. ती इतक्या वेगाने कशी पसरली, हे समजण्यासाठी प्रथम तिची राहणी समजून घेतली पाहिजे.

मावा हा अगदी लहान कीटक आहे. सुईसारखी सोंड पानात खुपसून तो रस शोषतो. उसाचा रस गोड असतो हे आपण जाणतोच. माव्याला तो पचतो त्याहून अधिक मिळतो. म्हणून उरलेला गोड द्रव तो शरीराबाहेर टाकतो. तोच द्रव खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पान काळे झाले की त्यावर सूर्यप्रकाश नीट पडत नाही, आणि सूर्यप्रकाशावाचून पान अन्न तयार करू शकत नाही. म्हणजे एकीकडून रस जातो आणि दुसरीकडून अन्न बनणे मंदावते. ऊस खुरटतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो.

याहून मोठी अडचण म्हणजे माव्याची वाढ. माव्याची मादी अंडी घालून वाट पाहत बसत नाही. ती थेट पिलांनाच जन्म देते आणि त्यासाठी तिला नराचीही गरज पडत नाही. हिशेबापुरते असे धरू की, एका मादीला दहा पिले होतात आणि ती सर्व जगतात. ती दहा मोठी झाली की शंभर होतील, शंभरांची हजार आणि हजारांची दहा हजार. वहीवर हे आकडे मांडायला क्षणभर पुरतो. शेतात त्यासाठी काही आठवडे पुरतात. पावसाळी, ढगाळ आणि दमट हवा या किडीला मानवते. कडक उन्हाळ्यात तिचा जोर ओसरतो.

मावा एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो कसा? काही माव्यांना पंख फुटतात आणि ते वाऱ्याबरोबर जातात. पण पुष्कळ वेळा माणूसच त्यांचे वाहन होतो. ऊस तोडल्यावर त्याच्या शेंड्याचा हिरवा पाला, म्हणजेच वाढे, जनावरांना घातले जाते. कीड लागलेल्या फडातील वाढे गाडीत भरून दुसऱ्या गावी नेले, की त्या गाडीतून मावाही फुकट प्रवास करतो. किडलेल्या फडातील बेणे नेले तरी तेच घडते.

आता त्या वेळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी आपण उभे आहोत, असे समजा. फड काळा पडू लागला आहे. शेजारी म्हणतो, "काय वाट्टेल ते औषध आण आणि मार." दुकानदार बाटली पुढे करतो. हाती बाटली असताना स्वस्थ बसणे फार कठीण असते. म्हणून अनेकांनी फवारणी केली. परंतु सात-आठ महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. त्याची धारदार पाने एकमेकांत गुंतलेली असतात. पाठीवर पंप घेऊन त्या दाटीत शिरणे म्हणजे आपल्याच तोंडावर विष उडवून घेणे होय. इतके करूनही कीड असते पानाच्या खालच्या बाजूस, आणि तिच्या अंगावर मेणचट लोकरीचे पांघरूण! औषधाचा बराचसा भाग वाया जाई. काही दिवस मावा कमी झाल्यासारखा दिसे आणि पुन्हा वाढे.

पुन्हा का वाढे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञ फडाफडांत गेले. १९६८ साली राहुरी येथे स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ हे पश्चिम महाराष्ट्रातील शेतीच्या प्रश्नांवर संशोधन करते. सातारा जिल्ह्यात नीरा खोऱ्यातील पाडेगाव येथे १९३२ सालापासून ऊस संशोधन केंद्र चालत आले असून, तेही आज याच विद्यापीठाचा भाग आहे. पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही उसाच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. या आणि इतर संस्थांतील संशोधकांनी लोकरी माव्याचा अभ्यास हाती घेतला.

त्यांना प्रथम किडीचा इतिहास पाहावा लागला. ही कीड जगाला नवी नव्हती. जावा बेटातील उसावर आढळलेल्या या किडीचे वर्णन १८९७ साली प्रसिद्ध झाले होते. भारतातही १९५८ साली पश्चिम बंगालमधून तिची नोंद झाली होती आणि ईशान्येकडील राज्यांत ती माहीत होती. पण तेथे तिने आपल्याकडच्यासारखा हाहाकार माजवला नव्हता. याचे एक मोठे कारण असे की, तेथे तिला खाणारे कीटकही तिच्याबरोबर राहत होते. आपल्याकडे मावा पुढे आला आणि त्याचे वैरी मागे राहिले. चोर गावात शिरला, पण राखणदार अजून वेशीबाहेर होता!

परंतु पाने उलटून बारकाईने पाहताना संशोधकांना एक आशेची गोष्ट दिसली. माव्याच्या पांढऱ्या थरात काही ठिकाणी रेशमासारखी बारीक जाळी होती आणि त्या जाळीच्या आडोशाने एक लहानशी अळी मावा खात पुढे सरकत होती. या अळीचे नाव 'डिफा'. ही एका करड्या, लहान पतंगाची अळी आहे. उसाचे पान ती खात नाही. तिचे अन्न म्हणजे मावा. वाढ पूर्ण झाली की ती पानावरच कोष करते, कोषातून पतंग बाहेर पडतो आणि तो माव्याच्या वस्तीजवळ पुन्हा अंडी घालतो. याशिवाय 'मायक्रोमस' नावाचा जाळीदार पंखांचा तपकिरी कीटकही माव्यावर तुटून पडताना आढळला. पुढे 'एन्कार्शिया' नावाची गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील इवलीशी माशी आसामातून आणून दक्षिणेकडील उसाच्या फडांत सोडण्यात आली. ती माव्याच्या शरीरात आपले अंडे घालते आणि अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून पोखरून संपवते.

आता फवारणीनंतर मावा पुन्हा का वाढत होता, याचा उलगडा झाला. फवारलेले विष मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही. मावा लोकरीखाली लपून थोडाफार वाचे. उघड्यावर हिंडणारे त्याचे वैरी मात्र मरून जात. माव्याची पिले थेट जन्मतात. डिफाला मात्र अंडे, अळी, कोष आणि पतंग अशा चारही अवस्थांतून जावे लागते. त्यामुळे दोघांची संख्या एकदम घटली, तर मावा आधी सावरतो आणि डिफा मागे पडते. शेतकरी पैसा खर्च करून आपलेच राखणदार मारीत होता!

हा अनुभव जगात प्रथमच आला होता, असे नाही. आपल्या गुरांना आपण लसूणघास घालतो. त्याच पिकावर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९५४ नंतर माव्याची एक जात फैलावली. तेथेही जालीम औषधांनी माव्याबरोबर त्याचे वैरी मेले आणि कालांतराने काही औषधांना मावा दाद देईनासा झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार संशोधकांनी १९५९ साली यावर एक महत्त्वाचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: शेतात चार किडे दिसले म्हणून लगेच औषध मारू नये. होणारे नुकसान औषधाच्या खर्चाहून अधिक होईल, अशी वेळ जवळ आली आहे काय, हे मोजून पाहावे. निसर्गातील वैऱ्यांना त्यांचे काम करू द्यावे. औषध लागलेच, तर त्या वैऱ्यांना कमीत कमी धक्का बसेल असे आणि तेवढेच वापरावे. या विचारातूनच 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' ही पद्धत वाढीस लागली. भारत सरकारने १९८५ साली पीकसंरक्षणाचे मुख्य धोरण म्हणून तिचा स्वीकार केला.

'एकात्मिक' म्हणजे अनेक उपायांची एकमेकांशी सांगड घातलेली. लोकरी माव्याच्या बाबतीत ही सांगड कशी घालण्यात आली, ते पाहा.

पहिला उपाय लागणीचा. ऊस फार दाट न लावता पट्टा पद्धतीने लावला, म्हणजे दोन ओळींनंतर रुंद जागा मोकळी सोडली, तर हवा व ऊन आत खेळते आणि कीड लवकर नजरेस पडते. बेणे निरोगी फडातलेच घ्यावे. नत्रखत बेसुमार घालू नये. कारण लुसलुशीत पान माव्याला अधिक आवडते.

दुसरा उपाय सावधगिरीचा. कीड थोड्या पानांवर असतानाच ती पाने काढून नष्ट करावीत. किडक्या फडातील वाढे व बेणे दुसऱ्या गावी नेऊ नयेत.

तिसरा उपाय मित्रकीटकांचा. जाळीच्या मांडवाखाली ऊस लावून त्यावर मुद्दाम मावा सोडण्यात आला आणि माव्यावर डिफा वाढवण्यात आली. या अळ्या व कोष असलेल्या पानांचे तुकडे कीड लागलेल्या फडातील पानांना टाचून लावत. हेक्टरी सुमारे एक हजार अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस करण्यात आली. एखाद्याच्या शेतात डिफा भरपूर झाली की तेथून ती दुसऱ्याच्या शेतात नेता येई. विरजण मागायला शेजारी जावे, तशी शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून अळी मागून आणावी, अशी ही गोष्ट होती!

आणि चौथा उपाय म्हणजे संयम. ज्या फडात मित्रकीटक दिसतात, तेथे फवारणी करू नये. फवारणी अगदीच टळत नसेल, तर जेथे मित्रकीटक नाहीत तेवढ्याच भागात, माहितगाराचा सल्ला घेऊन आणि अंगाला विष लागणार नाही याची काळजी घेऊन करावी.

लोकरी माव्याने नुकसान पुष्कळ केले, हे खरे. त्याच सुमारास दुष्काळही पडला आणि महाराष्ट्रातील उसाचे क्षेत्र खूप घटले. परंतु काही वर्षांत डिफा, मायक्रोमस आणि एन्कार्शिया फडाफडांत स्थिरावल्या आणि माव्याचा पहिला जोर मोडला. मावा नाहीसा झाला नाही. तो अधूनमधून आजही दिसतो. पण आता त्याच्यामागे त्याचे वैरीही असतात. किडीचा निर्वंश करणे हे या पद्धतीचे ध्येयच नाही. कीड इतकी कमी राहावी की पिकाला तिचा जाच होऊ नये, एवढेच पुरे असते. शिवाय मावा मुळीच उरला नाही, तर त्याच्यावर जगणारी डिफा कोठून उरणार?

प्रत्येक किडीला मात्र एकच उपाय लागू पडत नाही. याच भागात 'हुमणी' नावाची दुसरी कीड उसाची मुळे कुरतडते. ती जमिनीत असल्यामुळे वरून दिसत नाही; उभा ऊस अचानक वाळू लागतो आणि हाताने ओढला की सहज उपटून येतो. पण तिचेही एक वर्म आहे. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एका भुंगेऱ्याबरोबर पुढची पुष्कळ अंडीही नाहीशी होतात. जमिनीतील अळीला रोग आणून मारणारी 'मेटारायझियम' नावाची उपयुक्त बुरशीही शेणखतातून शेतात घालतात. परंतु भुंगेरे एकट्याने गोळा करून भागत नाही. एकाने गोळा केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर शेजाऱ्याचे भुंगेरे बांध ओलांडून येणारच. बांध माणसाने घातलेला असतो. किड्याला तो ठाऊक नसतो. म्हणून हे काम साऱ्या गावाने एकाच वेळी करावे लागते.

विद्यापीठातील संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि मोठमोठी यंत्रे, असे आपल्याला वाटते. तीही लागतातच. पण लोकरी माव्यावरच्या विजयाची सुरुवात एका साध्या कृतीने झाली: कोणीतरी पान उलटून पाहिले आणि किडीबरोबर तिथे आणखी कोण आहे, हेही पाहिले. ज्याला फक्त कीड दिसली, त्याने बाटली उचलली. ज्याला डिफाही दिसली, त्याने हात आवरला. तुम्ही शेतात जाल तेव्हा एखादे पान अवश्य उलटून पाहा. तेथे दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. तो कोण आहे, काय खातो आणि कोणाचे अन्न होतो, एवढे समजल्यावरच त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवावे.

शब्दार्थ

फड – उसाचे उभे शेत.
बेणे – लागणीसाठी वापरायची उसाची कांडी.
वाढे – उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला.
उतारा – उसापासून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण.
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे.
वर्म – दुबळी जागा, नेमकी खूण.
वळीव – पावसाळ्यापूर्वी पडणारा पाऊस.

स्वाध्याय

१. ऊस हे धीराचे पीक आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. माव्यामुळे उसाचे नुकसान कोणत्या दोन प्रकारांनी होते?
३. फवारणीनंतरही मावा पुन्हा का वाढत असे? माव्याची व डिफाची वाढ यांतील फरक सांगून उत्तर लिहा.
४. 'चोर गावात शिरला, पण राखणदार अजून वेशीबाहेर होता.' या वाक्यातील चोर कोण आणि राखणदार कोण?
५. 'बांध माणसाने घातलेला असतो. किड्याला तो ठाऊक नसतो.' या वाक्याचा अर्थ हुमणीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
६. उपक्रम : शाळेच्या किंवा घराच्या परिसरातील एखाद्या झाडाची दहा पाने वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, न तोडता उलटून पाहा. आढळलेल्या किड्यांना हात न लावता त्यांची चित्रे वहीत काढा आणि ते काय खाताना दिसले, याची नोंद करा.